तो ‘नाही’ म्हणतोय ना?

आमच्याकडे फ्रीज पेटवतात.

हे मी आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही, आणि मग एकदम, "अरे मग विझवा ना! माझ्याशी काय बोलत बसलायस!" तिला वाटलं फ्रीजला आग लागली. चूक तिची नाही. ज्या यंत्राचं काम गार करणं, ते ठिणगी टाकून चालू करायचं, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.

तर झालं असं की काही वर्षांपूर्वी मी आणि बायकोने इथे कॅलिफोर्नियात एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. १९८७ सालची. (ऑफिसातल्या लोकांच्या मते मिडलाइफ क्रायसिस. बायकोच्या मते नुसताच क्रायसिस.) आत उलगडला की पलंग होणारा बाक, छतात अजून दोघांची झोपायची सोय, दोन बर्नरची शेगडी, वीतभर सिंक आणि त्याच्या शेजारी एक छोटा फ्रीज. हा फ्रीज तीन तऱ्हांनी चालतो. गाडी धावत असेल तर तिच्या १२ व्होल्टवर, कॅम्पग्राउंडमध्ये वीज असेल तर घरच्यासारखा प्लग लावून, आणि जंगलात जिथे यातलं काहीच नाही तिथे गाडीच्या पोटाखालच्या टाकीतल्या प्रोपेनवर. तिसरी तऱ्हा हीच खरी. तिच्यासाठीच हा फ्रीज गाडीत असतो. आणि नेमकी तीच चालत नाही. अशी गाडी असलेला कोणीही भेटला की हवापाण्याच्या गप्पा संपायच्या आत विचारतो, "तुझा पेटतो का?"

आज मला भांडायचंय ते मात्र फ्रीजशी नाही. तो पेटत नाही म्हटल्यावर आजूबाजूची हुशार माणसं जो सल्ला देतात, त्या सल्ल्याशी भांडायचंय. आणि हा सल्ला देणारे बहुतेक माझ्याच धंद्यातले असतात, म्हणून जरा जास्तच.

आधी आगीने गार कसं होतं ते थोडक्यात. फ्रीजच्या मागे नळ्यांचं एक बंद जाळं असतं, त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली ज्योत लावली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो, वरच्या पंख्यांसारख्या पत्र्यांत थंड होऊन द्रव होतो, मग हायड्रोजन असलेल्या नळीत उतरतो. तिथे अमोनियाचा स्वतःचा दाब इतका कमी पडतो की तो थंड असतानाच पुन्हा वाफ व्हायला लागतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तुमच्या दुधातून ओढून घेतो. पुढे पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं आणि चक्र चालू. मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. हे डोकं बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या स्टॉकहोमच्या तंत्रशाळेतल्या दोन विद्यार्थ्यांचं, साल १९२२. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ते विकत घेतलं. आइनस्टाइन आणि झिलार्ड या जोडगोळीने याच वाटेने जाऊन स्वतःचा एक फ्रीज काढला होता, १९३० मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. बर्लिनमध्ये फ्रीजमधला विषारी वायू गळून एक अख्खं कुटुंब झोपेत गेल्याची बातमी आइनस्टाइनने वाचली आणि हलणारे भागच नसलेला, म्हणजे गळायला सांधेच नसलेला फ्रीज करायचं ठरवलं, असं सांगतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पेटवायचा विधी. आधी पाणसळ घेऊन गाडी सपाट उभी करायची, कारण आतला अमोनिया केवळ उतारावर वाहतो, गाडी तिरकी तर तो भलतीकडेच साचतो. मग फ्रीज सोडून शेगडी पेटवायची. गाडी दोन महिने उभी असली तर गॅसच्या नळीत हवा भरलेली असते. फ्रीजचं जेट केसासारखं बारीक, त्यातून ती हवा निघायला अर्धी रात्र लागेल. शेगडीची ज्योत स्थिर झाली म्हणजे गॅस आला. मग फ्रीजचा हातपंप. फ्रीजची ज्योत एका बंद कोठडीत जळते, ती हवा गाडीच्या बाहेरून घेते आणि धूर बाहेर सोडते, आपण झोपतो तिथल्या हवेशी तिचा संबंध येऊ नये म्हणून. पण त्यामुळे कोठडीत शिळी हवा कोंडून राहते. ती पंपाने हाकलायची, दहा-पंधरा वेळा. मग गॅसचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने खटखट ठिणगी टाकायची, आणि गाल गाडीच्या जमिनीला टेकवून वाटाण्याएवढ्या काचेतून आत निळं काही दिसतंय का ते बघायचं. ही काच बहुतेक वेळा धुरकटलेली असते. निळं दिसलं की नाचायचं नाही. बटण अजून अर्धा-एक मिनिट तसंच दाबून धरायचं. मग हळूच सोडायचं. आणि शंभरातल्या साठ वेळा, सोडल्यासोबत "टक्" असा बारीक आवाज येऊन ज्योत जाते.

हा "टक्" या लेखाचा नायक आहे.

ज्योतीच्या टोकावर पेन्सिलच्या शिसाएवढी एक दांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळे धातू जोडायचे, सांधा तापवायचा, की वीज तयार होते. हे झेबेकने १८२१ च्या सुमारास पाहिलं. किती वीज? वीस-तीस मिलिव्होल्ट. आपल्या साध्या पेन्सिल सेलच्या पन्नासाव्या भागाएवढी. तेवढ्याने एक चिमुकला विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. लक्ष द्या, उघडी *धरून ठेवतो*. बंद झडप ओढून उघडण्याएवढी ताकद त्यात नाहीच. म्हणून उघडायचं काम तुमच्या अंगठ्याचं. दांडी तापेपर्यंत तुम्ही धरा, मग पुढे मी धरतो, असा तो करार. ज्योत विझली, दांडी गार झाली, वीज संपली, स्प्रिंगने झडप मिटते. बॅटरी नको, प्रोग्रॅम नको, इंटरनेट तर नकोच. जे काही बिघडेल त्याचा शेवट एकच: गॅस बंद. दांडी तुटली? बंद. तार सैल? बंद. काजळी बसली? बंद. शंका आली तर नाही म्हणायचं, इतकाच त्याचा स्वभाव. वीस वर्षं कोड लिहितोय, पण इतकं चोख काही माझ्या हातून झालेलं नाही. असो.

आता सहलीकडे वळतो. २०२४ चा जुलै. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिला इन्सुलिन लागतं, आणि सहा महिन्यांची पेनं ती गार पिशवीत घालून विमानातून घेऊन आली होती. इथे पुन्हा घ्यायची म्हणजे डॉक्टर, प्रिस्क्रिप्शन, आणि पाहुण्यांच्या विम्यात जुना आजार धरत नाहीत हे ज्यांनी आईवडिलांना बोलावलंय त्यांना सांगायला नको. आम्ही चार दिवस सिएराच्या पलीकडे, मोनो लेकच्या बाजूला जाणार होतो. मी म्हटलं, आई, एक पेन बरोबर घे, बाकीची घरच्या फ्रीजमध्ये राहू देत. ती म्हणाली, "आणि मागे लाईट गेली तर?" मी छाती फुगवून अमेरिकेत लाईट जात नाही असं सांगणार, तेवढ्यात बायकोने आठवण करून दिली की वणव्याच्या भीतीने इथली वीज कंपनी मुद्दामच दोन-दोन दिवस वीज तोडते. झालं. सगळी पेनं व्हॅनमध्ये.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गोठलं तर गेलं, तापलं तरी गेलं. उघडलेलं पेन मात्र साधारण महिनाभर बाहेर चालतं (प्रकाराप्रमाणे थोडं कमीजास्त). म्हणजे आईला त्या चार दिवसांत काही होणार नव्हतं, प्रश्न पुढच्या पाच महिन्यांचा होता. पण हे मला आत्ता शांतपणे लिहिताना सुचतंय. तेव्हा डोक्यात फक्त "आईचं औषध" एवढंच होतं.

दिवसभर गाडी चालत होती तोवर फ्रीज १२ व्होल्टवर गार. टायोगा पास ओलांडला, उंची ९,९४३ फूट, आणि थोडं खाली उतरून नऊ-साडेनऊ हजार फुटांवर मुक्काम केला. इंजिन बंद, आता गॅस. शेगडी पेटली. पंप मारला. ठिणगी. निळं दिसलं. एक मिनिट धरलं. टक्.

पुन्हा. टक्. पुन्हा. टक्. सूर्य गेला, अंगठ्याला वळ पडला, लेक टॉर्च धरून कंटाळली. आई बाहेर खुर्चीवर बसून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अरे पिन मार की." तिचं अर्धं आयुष्य रॉकेलच्या स्टोव्हपुढे गेलंय. स्टोव्ह भकभकायला लागला की पिन मारायची, हे तिच्या बोटांत आहे. (तो स्टोव्हही मुळात स्वीडिश बरं का. स्टॉकहोमचं पाणीच तसं असावं.) पण इथे पिन चालत नाही. जेटचं भोक ठरावीक मापाचं असतं, पिनेने ते जरा जरी मोठं झालं की गॅस जास्त जातो, ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. जेट काढून अल्कोहोलमध्ये बुडवायचं आणि हवेने फुंकायचं, बस. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग तो नाही पेटायचा आज. उंचावर कुकरसुद्धा वेगळा वागतो." आणि भाजी चिरायला लागली. खरं तर संपूर्ण निदान तिने तिथेच केलं होतं. नऊ हजार फुटांवर हवा विरळ. जेट मात्र समुद्रसपाटीला ठरवलेला गॅस सोडतंय, म्हणजे ज्योतीला गॅस जास्त आणि ऑक्सिजन कमी. अशा फ्रीजच्या अनेक मॅन्युअलांमध्ये साफ लिहिलेलं असतं की साडेपाच हजार फुटांच्या वर ज्योत विझू शकते, विजेवर चालवा. आमच्याकडे मॅन्युअल होतं. ते घरी होतं.

आमच्याबरोबर दुसऱ्या गाडीतून एक मित्र सहकुटुंब आला होता. याला आपण साहेब म्हणू, कारण तो एका मोठ्या कंपनीत आहेच साहेब. हुशार आहे, मदतीला तत्पर आहे, आणि त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला शॉर्टकट आहे. तो वीस मिनिटं बघत होता. मग म्हणाला, "अरे ज्योत पेटतेय ना? मग प्रॉब्लेम फ्रीजमध्ये नाहीच. प्रॉब्लेम त्या सेफ्टीमध्ये आहे. बटणावर क्लॅम्प लाव, टेप गुंडाळ, विषय संपला. घरी गेल्यावर थर्मोकपल कायमचा बायपास करून टाक, जालावर ढिगाने व्हिडिओ आहेत."

आणि मंडळी, कबूल करतो, मी क्लॅम्प हातात घेतला होता. दीड तास झाला होता, भूक लागली होती, आईचं औषध होतं. हेतू तर सगळे चांगलेच होते.

बायको आतून चादरी घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि रात्री ती विझली तर?"

इथे वाद संपला, निदान माझ्यापुरता. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ती विझणारच होती, दीड तास तेच तर करत होती. विझली आणि झडप क्लॅम्पने उघडी, म्हणजे गॅस वाहत राहणार. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. ती कोठडी बाहेर उघडते हे खरं, पण सदतीस वर्षांच्या गाडीतल्या सदतीस वर्षांच्या गॅस्केटवर किती विश्वास ठेवायचा? आणि खालच्या पलंगावर, जमिनीपासून दोन फुटांवर, आई आणि लेक झोपणार होत्या. सकाळी पहिला चहा, म्हणजे पहिली ठिणगी, मी लावणार होतो.

साहेबाचं वाक्य पुन्हा वाचा. "प्रॉब्लेम त्या सेफ्टीमध्ये आहे." हे वाक्य मी ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. टेस्ट फेल होतेय? कॉमेंट करून टाक, उद्या रिलीज आहे. एक्सेप्शन येतंय? पकड आणि गिळ. सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणतंय? तपासणी बंद कर. मीही केलंय. जो निरोप घेऊन येतो त्यालाच झोडपायचं, आणि निरोप बंद झाला की प्रश्न सुटला म्हणून चहाला जायचं.

याचं टोक काय असतं ते आमच्या धंद्यात प्रत्येकाने एकदा तरी वाचावं. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र होतं. त्याच्या आधीच्या मॉडेलात चुकीचा डोस जाऊ नये म्हणून यांत्रिक अडसर होते. नव्या मॉडेलात ते काढून ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयानक जास्त किरणं बसली, काहीजण त्यात दगावले. नंतर तपासात निघालं की तसलीच चूक जुन्या मॉडेलातही होती, पण तिथे अडसर मध्ये येऊन यंत्र थांबवत होता, फ्यूज उडवत होता. लोकांना वाटत होतं जुनं यंत्र कटकटं आहे. ते कटकटं होतं म्हणून माणसं जगत होती. आणि दुसरी गोष्ट अजून अंगावर येणारी. टेक्सासमध्ये पडद्यावर "मालफंक्शन ५४" असा निरोप आला तेव्हा ऑपरेटरने पुढे जाण्याचं बटण दाबलं. निष्काळजीपणे नव्हे, तर सवयीने. हे यंत्र दिवसभर असले निरोप देतच असायचं, आणि पुढे गेलं तरी काही व्हायचं नाही.

म्हणजे दोष नुसता बायपास करणाऱ्याचा नाही, हे मान्य. उठसूट नाही म्हणणारी यंत्रं आपणच बनवतो. दर साइटवर कुकीची चौकट, दर फोनवर परवानग्यांची लाइन, दर गाडीत कारण न सांगता पेटणारा पिवळा दिवा. शंभर खोट्या नकारांनंतर एकशे एकावा खरा नकार आला तर अंगठा आपोआप "ओके"वर जातो. नव्या फ्रीजमध्ये सर्किट बोर्ड असतो, तो स्वतःच काही वेळा ठिणगी टाकून बघतो आणि जमलं नाही की एक लाल दिवा लावून गप्प बसतो. गॅस नाही, ठिणगी नाही, हवा नाही की दांडी गेली, काही सांगत नाही. माझ्या जुन्या फ्रीजचा नकार निदान कानाने ऐकू येतो, डोळ्याने दिसतो, आणि कुठे शोधायचं तेही कळतं. निळं दिसलंच नाही तर गॅस किंवा ठिणगी. दिसलं पण बटण सोडल्यावर गेलं तर दांडी किंवा ज्योतीचा आकार. नकार असावा तर असा.

पण साहेबाच्या वाक्यात धंद्यापेक्षा जुनं काहीतरी आहे, आणि तिथे मला खरा राग येतो. आपण याला जुगाड म्हणतो आणि वर कॉलर ताठ करतो. गावाकडे पंपाच्या इंजिनावर चाकं लावून गाडी करणारा माणूस जुगाड करतो, कारण त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. त्याला माझा दंडवत. पण २०१२ मध्ये 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं पुस्तक आलं, त्याच्या आधी-नंतर भाषणं झाली, स्लाइड झाल्या, आणि ज्यांच्याकडे सगळं आहे अशी माणसंही जुगाडू म्हणवून घ्यायला लागली. ज्याला वीस-पंचवीस डॉलरचं नवीन थर्मोकपल आणून बसवता येतं त्याने टेप गुंडाळणं हा जुगाड नाही, आळस आहे. आणि गरिबाचा जुगाड बहुतेक वेळा नसलेली गोष्ट *उभी* करतो. आपला जुगाड असलेला अडसर *काढतो*. दोन्हींना एक शब्द वापरणं हीच लबाडी.

इथे बसून तिकडच्यांना उपदेश करतोय असं वाटत असेल तर घरचंच सांगतो. माझ्या मावसबहिणीने पुण्यात नवीन शेगडी घेतली, काचेची, ज्योत विझली तर गॅस बंद करणारी. म्हणजे हेच थर्मोकपल. पेटवताना बटण चार-पाच सेकंद दाबून धरावं लागतं. बसवायला आलेला माणूस स्वतःहून म्हणाला, "ताई, कटकट आहे, काढून देऊ का? सगळे काढूनच घेतात." चार-पाच सेकंद! दूध उतू जाऊन विझलेल्या शेगडीवरून किती घरांत किती वेळा थोडक्यात निभावलंय हे ज्या देशात प्रत्येक आईला माहीत आहे, तिथे पाच सेकंद ही कटकट. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेलं माणूस बाहेरच न आल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गुदमरल्यासारखंही होत नाही. झोप येते फक्त. गिझर बाथरूमच्या बाहेर लावा, हवा खेळती ठेवा, असं लिहिलेलं असतं. "एवढ्याने काय होतंय" म्हणणाराही प्रत्येक घरात असतो.

"एवढ्याने काय होतंय" हे दर वेळी खरंच असतं, शेवटची वेळ सोडून.

साहेबाची एक बाजू मात्र बरोबर आहे आणि ती मी नाकारत नाही. तो म्हणतो, कशाला हे पुराणवस्तू संग्रहालय? १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज बसव, लिथियम बॅटरी टाक, छतावर सोलर लाव. आज नवीन गाडी घेणाऱ्याला मीही तेच सांगेन. कमी ऊर्जेत जास्त गार करतो, तिरका चालतो, उंचीशी देणंघेणं नाही. पण नकार तिथेही सुटत नाही, साहेब. लिथियम बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. म्हणून तिच्यातला बोर्ड थंडीत चार्जिंग तोडतो. आणि तुम्हीच मागच्या डिसेंबरात मला विचारत होतात, "हा बीएमएस बायपास करता येतो का रे?"

तर त्या रात्री काय केलं? क्लॅम्प पेटीत परत गेला. बाहेर हवा भराभर गार होत होती. रात्री तिथे पारा पाच-सहा अंशांवर येतो. म्हणजे आम्ही दीड तास एका फ्रीजच्या पोटात उभं राहून दुसरा फ्रीज पेटवत होतो. आईने पेनं तिच्या स्टीलच्या डब्यात भरली, डबा शालीत गुंडाळला, म्हणजे कडाक्याची थंडी पडली तरी गोठू नयेत. बाहेर उघड्यावर काही ठेवता येत नाही, अस्वलं येतात, म्हणून कॅम्पग्राउंडवर जाड पोलादी पेट्या ठेवलेल्या असतात. त्या अस्वलपेटीत, आमच्या पोह्यांच्या आणि टूथपेस्टच्या शेजारी, आईचं पाच महिन्यांचं इन्सुलिन झोपलं. डब्यात ठेवलेल्या थर्मामीटरवर सकाळी सात अंश. साहेबाने येऊन बघितलं आणि म्हणाला, "बघ, हाच खरा जुगाड." मी भांडलो नाही. चहा चांगला झाला होता.

मग खाली ली व्हायनिंगला उतरलो, बर्फाची पिशवी घेतली, साहेबाच्या कूलरमध्ये पेनांचा डबा बर्फाला टेकणार नाही असा ठेवला. गंमत म्हणजे तिथे पावणेसात हजार फुटांवर फ्रीज चौथ्या प्रयत्नात पेटला, पण ज्योतीचं टोक पिवळं होतं, म्हणून मीच बंद केला.

घरी आल्यावर पुढच्या विकांताला फ्रीज बाहेर ओढला. अख्खा शनिवार गेला. जेटवर काजळी होतीच. पण खरी गोष्ट धुराच्या नळीत निघाली. गंजाचे पापुद्रे आणि काजळी मिळून ती अर्धीअधिक बुजलेली होती, आणि कोठडीच्या झाकणाचं गॅस्केट एका बाजूने तडकून कडक झालेलं. म्हणजे ज्योतीला वर विरळ हवा होती हे खरं, पण तिचा धूरही बाहेर पडत नव्हता, आणि जो पडत होता त्याला आत यायला वाट होती. मी असं म्हणत नाही की त्या रात्री आम्ही मेलोच असतो. छतातली खिडकी उघडी होती, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला होता, वारा होता. कदाचित नुसतं डोकं दुखून उठलो असतो आणि उंचीला दोष दिला असता. पण दीड तास ती शिशाएवढी दांडी जे सांगत होती ते अक्षरशः खरं होतं, आणि मी तिच्या अंगावर क्लॅम्प घेऊन उभा होतो.

नळी ब्रशने साफ केली, गॅस्केट नवीन, थर्मोकपलही नवीनच टाकलं. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. जमिनीजवळ गॅसचा अलार्म, झोपायच्या उंचीला मोनॉक्साइडचा, दोन्ही नवे, कारण त्यांनाही मुदत असते आणि आमच्या एकाची उलटून गेली होती. आता साडेपाच हजार फुटांपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पेटतो, निळा. त्याच्या वर मी पेटवत नाही, वाटेत बर्फ घेतो.